परदेशात फोनचा खर्च: नंबर भारताचा, डेटा तिथला

समजा, तुमच्या मोबाइल कंपनीच्या दरपत्रकात परदेशातल्या डेटाचा दर ‘१० केबीला ५ रुपये’ असा छापलेला आहे. पाच रुपये वाचून कुणी घाबरत नाही. आता गुणाकार करा. एका एमबीत १,०२४ केबी, म्हणजे एका एमबीचे ५१२ रुपये. कॅमेऱ्याने काढलेला एक फोटो तीन एमबीचा धरला आणि फोनने तो तुम्हाला न विचारता बॅकअपला पाठवला, की दीड हजार रुपये गेले. एका जीबीचे होतात सव्वापाच लाखांच्या आसपास. पॅक न घेता वापरलेल्या रोमिंग डेटाचे दर असेच बारीक एककात लिहायची पद्धत आहे, आणि ती ग्राहकाच्या सोयीसाठी नक्कीच नाही.

प्रीपेडवाल्याचं नुकसान शिल्लक रकमेवर थांबतं. पोस्टपेडचं बिल मात्र घरी पोचल्यावर कळतं. म्हणून हे सगळं पोस्टपेडवाल्यांनी जरा जास्त लक्ष देऊन वाचावं.

परदेशात फोन दोन वेगळी कामं करतो. एक, तुमचा भारतातला नंबर जिवंत ठेवणं, कारण बँकेचा ओटीपी त्यावरच येणार. दोन, इंटरनेट पुरवणं: नकाशा, व्हॉट्सॲप, टॅक्सी, तिकिटं. ही दोन्ही कामं भारतीय सिमकडूनच करून घेतली की खर्च चढतो. वेगळी केली की पहिलं जवळजवळ फुकटात होतं आणि दुसरं स्वस्तात.

आधी पहिलं काम. निघण्यापूर्वी कंपनीच्या ॲपमधून इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घ्या. तिथे पोचल्यावर ते सुरू करायला पुन्हा ओटीपी लागला तर पंचाईत. मग फोनच्या सेटिंगमध्ये त्याच सिमचं ‘डेटा रोमिंग’ बंद ठेवा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. रोमिंग सुरू आणि डेटा रोमिंग बंद, अशी जोडी हवी. मग सिम तिथलं नेटवर्क पकडतं, एसएमएस येतात, पण इंटरनेटचा एक केबीही जात नाही. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्या रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसचे पैसे घेत नाहीत. उलट पाठवलेल्या एसएमएसचे घेतात, तेही भरपूर.

आलेला कॉल उचललात तर मात्र मिनिटाचे पैसे लागतात. पहाटे चार वाजता ‘सर, पर्सनल लोन हवंय का?’ असं विचारणाऱ्या बाईंशी बोलण्याचा खर्च तुमचाच. अनोळखी नंबर वाजू द्या, न उचललेल्या कॉलला पैसे नाहीत. कॉल फॉरवर्डिंग लावलेलं असेल तर जाण्याआधी काढून टाका, नाहीतर न उचललेला कॉलही परदेशातून भारतात वळवला जाऊन दुहेरी पैसे लागू शकतात. आणि मूळ रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे जाईल असं बघा. ती मधेच संपली की ओटीपीही थांबतात. भारतीय सिम काढून पाकिटात ठेवायची जुनी सवय सोडा. यूपीआय ॲप फोनमधल्या त्या सिमशी बांधलेलं असतं. व्हॉट्सॲपने ‘नंबर बदलायचा का?’ असं विचारलं तर नाही म्हणा. जुन्या नंबरावरचं व्हॉट्सॲप नव्या सिमच्या डेटावर छान चालतं.

आता डेटा. किती लागेल ते आधी ठरवा, कारण विकणारा नेहमी मोठा पॅक पुढे करतो. नकाशाला फारसं काही लागत नाही, शहराचा नकाशा घरच्या वाय-फायवर उतरवून नेला तर आणखी कमी. व्हॉट्सॲपवरचा साधा कॉल मिनिटाला साधारण अर्धा एमबी खातो, व्हिडिओ कॉल त्याच्या दसपट. म्हणजे आईला रोज अर्धा तास आयफेल टॉवर ‘लाइव्ह’ दाखवायचा असेल तर दिवसाला दीडशे एमबी धरा. खरा राक्षस रील आणि यूट्यूब. ते हॉटेलच्या वाय-फायवर बघणार असाल तर आठवड्याला दोन-तीन जीबीत एका माणसाचं भागतं. व्हॉट्सॲपचं ‘ऑटो डाउनलोड’, फोटोंचा बॅकअप आणि ॲप अपडेट हे तिन्ही ‘फक्त वाय-फाय’वर टाका. एवढं केलं नाही तर सकाळी आलेले ‘शुभ सकाळ’चे गुलाब तुमचा डेटा संपवतील.

भारतीय कंपनीचा रोमिंग पॅक मला सरसकट वाईट वाटत नाही. तीन-चार दिवसांचं काम असेल, किंवा जाणारी व्यक्ती सत्तरीची असेल आणि सिम बदलणं तिला जमणार नसेल, तर पॅक घ्या आणि निश्चिंत व्हा. वर्षातून तीन-चारदा जाणाऱ्यांसाठी एअरटेलने २०२५ मध्ये ४,००० रुपयांचा वर्षभराचा पॅक आणला: परदेशासाठी ५ जीबी आणि १०० मिनिटं, शिवाय भारतात असताना रोजचा दीड जीबी. पॅकचे आकडे सतत बदलत असतात, तेव्हा घेताना ॲपमध्ये पाहूनच घ्या. आणि पाहताना किमतीच्या खालचा मजकूरही वाचा. तुमचा देश यादीत आहे का? त्या देशातल्या सगळ्या नेटवर्कवर चालतो की ठरावीक एक-दोनच? दिवस म्हणजे २४ तास की मध्यरात्रीपर्यंत, आणि मध्यरात्र कुठली, तिथली की आपली? वाटेत दोहाला किंवा इस्तंबूलला सहा तास थांबा असेल आणि तो देश पॅकमध्ये नसेल, तर तेवढा वेळ फोन फ्लाइट मोडवर टाकून विमानतळाचं वाय-फाय वापरा. प्रीपेड पॅकची छापील किंमत बहुधा जीएसटी धरून असते. पोस्टपेडमध्ये वर १८ टक्के लागतात.

आठवडा किंवा त्याहून जास्त राहणार असाल तर तिथलं सिम जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. पासपोर्ट दाखवावा लागतो. ब्रिटनमध्ये तोही नाही, सुपरमार्केटात भाजीबरोबर प्रीपेड सिम मिळतं आणि १० पौंडांच्या आसपास महिन्याचा भरपूर डेटा. विमानतळावरचे पर्यटक-पॅक शहरातल्या दुकानापेक्षा महाग असतात हे खरं. पण पाच-सात डॉलर वाचवायला सामान, मुलं आणि सासूबाईंसह अनोळखी शहरात नकाशाशिवाय दुकान शोधत फिरण्यात काही अर्थ नाही. विमानतळावरच घ्या, फक्त काउंटरवरचा सगळ्यात छोटा पॅक मागून घ्या. तो बहुतेकदा पाटीवर लिहिलेला नसतो.

युरोपची गंमत वेगळी. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम इतर सदस्य देशांत देशांतर्गत दरानेच चालतं. पॅरिसला घेतलेलं सिम रोमला आणि ॲमस्टरडॅमला चालणार. नॉर्वे आणि आइसलँडही या सोयीत आहेत. पण आपल्या ग्रुप टूरचा प्राण म्हणजे स्वित्झर्लंड, आणि ते या व्यवस्थेत नाही. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनही नाही. फ्रान्सचं सिम घेऊन युंगफ्राउवर गेलात आणि पॅकमध्ये स्वित्झर्लंड नसेल, तर बर्फातला तो पहिला व्हिडिओ भलताच महाग पडेल. म्हणून ‘युरोप सिम’ घेताना देशांची यादी मागा आणि त्यात स्वित्झर्लंड हे नाव बोटाने शोधा. जिनिव्हा आणि बाझल ही शहरं तर फ्रान्सच्या सीमेला इतकी चिकटलेली आहेत, की फोन रस्ता न ओलांडताही देश बदलतो. तिथे नेटवर्क ‘ऑटोमॅटिक’वर न ठेवता हाताने निवडा.

दुबईत अडचण दराची नाही, परवानगीची आहे. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, पण तिथल्या नेटवर्कवरून व्हॉट्सॲप कॉल लागत नाही. बोटिमसारखी परवाना असलेली ॲप चालतात. घरच्यांनी ते आधी उतरवून ठेवलं तर घरी फोन लावायला मिनिटाचे पैसे मोजावे लागत नाहीत. व्हीपीएन लावून पळवाट काढायचा सल्ला कुणी देईल, तर हसून सोडून द्या. व्हीपीएनचा गैरवापर तिथे गुन्हा आहे आणि दंड लाखो दिरहॅमचा. चीनमध्ये उलट आहे. तिथलं सिम घेतलंत तर गुगल, व्हॉट्सॲप काहीच उघडणार नाही, पण भारतीय सिमवर रोमिंग घेतलं तर ते उघडतं, कारण रोमिंगचा डेटा आपल्या कंपनीमार्गे फिरून येतो. चीनला जाताना महाग पॅक हाच शहाणा पॅक.

ई-सिम हा तिसरा रस्ता. प्लास्टिकचं कार्ड नाही, क्यूआर कोड स्कॅन केला की फोनमध्ये दुसरं सिम तयार. भारतीय सिम जागच्या जागी राहतं, त्यामुळे आपल्या दोन कामांच्या विभागणीला हे सगळ्यात सोयीचं. फोनला ई-सिम चालतं का ते पाहायला डायलवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबा. आकड्यांमध्ये ‘ईआयडी’ दिसला तर चालतं. आयफोनमध्ये २०१८ च्या एक्सएस आणि एक्सआरपासून ही सोय आहे, चीनमध्ये विकलेले बरेच आयफोन सोडून. कोड घरीच वाय-फायवर स्कॅन करा. तो ज्या फोनवर आला त्याच फोनच्या कॅमेऱ्याने स्कॅन कसा करणार? दुसऱ्याच्या फोनवर पाठवा किंवा छापून घ्या. एकदा टाकलेलं ई-सिम चुकून पुसू नका, बरेच कोड पुन्हा चालत नाहीत. आणि ड्युअल सिममध्ये ‘डेटा आपोआप दुसऱ्या सिमवर न्या’ असा एक पर्याय असतो, तो बंदच ठेवा.

ई-सिम विकत कुणाकडून घ्यायचं, हा प्रश्न भारतात जरा नाजूक आहे. परदेशी सिम इथे विकायला दूरसंचार विभागाचं नाहरकत प्रमाणपत्र लागतं. ते नसल्यामुळे जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि होलाफ्लाय ही दोन नावाजलेली ॲप सरकारच्या सांगण्यावरून भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढण्यात आली. म्हणून परवानगी असलेल्या विक्रेत्याकडूनच घ्या. तो पासपोर्टची प्रत मागेल, आणि ते योग्यच आहे. परदेशी कंपनीला कार्डाने पैसे भरणार असाल तर कार्डावरचा आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करावा लागतो, आणि बँक दोन ते साडेतीन टक्के वर लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. बहुतेक ई-सिमना फोन नंबर नसतो, नुसता डेटा. रिक्षावाल्याला फोन करायचा असेल तर उपयोग नाही.

जपानसारख्या देशात चार-पाच जणांचं कुटुंब एकत्र फिरणार असेल तर विमानतळावर भाड्याने मिळणारं पॉकेट वाय-फाय पाहा. अट एकच, सगळ्यांनी एकत्र राहायचं. खरेदीला दोघं एकीकडे आणि दोघं दुसरीकडे गेले की अर्ध्यांचं इंटरनेट गेलं.

आता सगळ्यात मोठा मराठी गट: मुलीच्या बाळंतपणासाठी किंवा नातवंडांसाठी सहा महिने अमेरिकेला जाणारे आईवडील. यांनी रोमिंग पॅकचा विचारही करू नये. मुलाच्या किंवा मुलीच्या फॅमिली प्लॅनमध्ये एक लाइन वाढवून घेणं सगळ्यात सोपं. ते जमत नसेल तर मिंट मोबाइलसारख्या प्रीपेड कंपन्यांचा तीन महिन्यांचा प्लॅन महिना १५ डॉलरपासून मिळतो. फोन कुठला नेता तेही बघा. मागच्या वेळी लेकाने दिलेला अमेरिकन फोन तिथल्या एखाद्या कंपनीला लॉक असू शकतो, मग दुसऱ्या कंपनीचं सिम त्यात चालत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकलेल्या आयफोनांत सिमचा खाचाच नाही, तेव्हा भारतातलं प्लास्टिकचं सिम त्यात जाणारच नाही. ते आधीच ई-सिममध्ये बदलून घ्या, कारण अमेरिकेत बसून ते करणं डोकेदुखी आहे.

सहा महिने इथला नंबर मात्र चालू राहिला पाहिजे: पेन्शन, बँक, गॅस, सोसायटी सगळं त्यावर. त्यासाठी महिन्याला डेटाचा रिचार्ज मारायची गरज नाही. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे, डेटा नसलेले रिचार्ज ठेवायला लावले. त्यानंतर साडेचारशे-पावणेपाचशे रुपयांत ८४ दिवसांचे पॅक निघाले, आणि जवळजवळ वर्षभराचेही. जाण्याआधी लांब मुदतीचा टाका आणि विसरा.

विमानात आणि जहाजावर हे सगळे हिशेब रद्द. समुद्रात जहाजाचं स्वतःचं उपग्रहावर चालणारं नेटवर्क असतं, त्याला नेहमीचे देशांचे पॅक लागू होत नाहीत. मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर ‘आपण तर भारतातच आहोत’ असं समजून फोन चालू ठेवणारे इथेच फसतात. किनारा दिसेनासा झाला की फ्लाइट मोड.

इतकं करूनही पोस्टपेडचं बिल अवाच्या सवा आलं तर आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात नोंद करून डॉकेट क्रमांक घ्या. उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. फी नाही, निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार करता येते. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात जाता येत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्येच तो मार्ग खुला असल्याचं स्पष्ट केलं आहे. मात्र पॅक सुरू झाल्याचा एसएमएस बिल भरून होईपर्यंत पुसू नका. पॅक किती वाजता लागू झाला आणि डेटा त्याच्या आधी गेला की नंतर, वाद बहुतेक वेळा एवढ्यावरच असतो.