मशीन मोठी नको, मापाची हवी



पावसाळा आला की मुलुंड-बोरिवलीच्या सोसायट्यांत आणि आरेच्या पाड्यांवर झाडं पडतात, आणि ओंडके कापायची कामं निघतात. आपल्या एका गटाने गटाच्या कर्जातून चेनसॉ घ्यायचं ठरवलं. दुकानदार म्हणाला, "२२ इंची घ्या, कुठलंही झाड कापेल." खरं सांगते, मलाही ते पटलं होतं. पण बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आपल्याला नेहमी किती जाड लाकूड कापायचंय?" मग आम्ही सगळ्या मिळून अभ्यास केला. तो इथे देते.

१) आधी लाकूड मोजा. शिवणाची टेप खोडाभोवती फिरवा. आलेल्या घेराला ३.१४ ने भागा. घेर १५७ सेंमी असेल तर जाडी ५० सेंमी, म्हणजे साधारण २० इंच.

२) मग बार ठरवा. बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती लांब पट्टी. एकाच बाजूने आरपार कापायचं तर बार जाडीपेक्षा २ इंच जास्त लागतो. पण पडलेल्या ओंडक्याला दोन्ही बाजूंनी जाता येत असेल, तर २० इंची लाकूड १६ इंची बारनेही कापता येतं.

३) बारला पेलेल असं इंजिन हवं. चिंच, बाभूळ, सागासारख्या टणक लाकडात लहान इंजिनवर लांब बार लावला की साखळी रखडते, तापते, धार जाते आणि इंजिनवर ताण येतो. साधारण अंदाज असा: १६ ते १८ इंचाला ४० ते ५० सीसी, १८ ते २० इंचाला ५० ते ६० सीसी, २४ इंच आणि पुढे ७० सीसीच्या वर. त्या मशीनला कुठले बार चालतात हे तिच्या पुस्तिकेत असतं. ते वाचूनच पैसे द्या.

४) अंगाचा विचार करा. ७० सीसीची मशीन बार आणि पेट्रोल धरून ८ किलोच्या आसपास भरते. बारच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला, तर मशीन उसळून थेट तोंडाकडे येते. म्हणून चेन ब्रेक नसलेली मशीन घेऊच नका. हेल्मेट, जाळी, कानाचं संरक्षण, बूट, पायांचं संरक्षक कापड, जादा साखळी, कानस आणि साखळीचं तेल हे सगळं कर्जाच्या अंदाजात धरा. नाहीतर मशीन येते आणि हेल्मेट "पुढच्या महिन्यात" राहतं. प्रशिक्षण घेतल्याशिवाय मशीनला हात नको. पदर, ओढणी, मोकळे केस तर नकोतच.

५) परवानगी आधी. १९७५ च्या महाराष्ट्राच्या शहरी झाडांच्या कायद्यात फांद्या तोडणंही येतं. पालिकेच्या विभाग कार्यालयातल्या उद्यान खात्याची लेखी परवानगी पाहिल्याशिवाय काम घेऊ नका. राष्ट्रीय उद्यानातल्या लाकडाला तर हातच लावायचा नाही. रस्त्यावर झाड पडलं तर १९१६ वर कळवा, परस्पर कापू नका. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेत मेट्रो कारशेडसाठी दोन हजारांवर झाडं पाडली गेली, तीही दोनेक दिवसांत. मशीन किती वेगाने काम करते हे आपण पाहिलंय. म्हणून कागद आधी, मशीन नंतर.

शेवटी त्या गटाने १८ इंची बारची, ५० सीसीच्या आसपासची मशीन घ्यायचं ठरवलं. उभी झाडं आणि फार मोठी खोडं घ्यायची नाहीत, असाही ठराव वहीत लिहिला. वर्षातून एकदा लागणाऱ्या मापासाठी वर्षभर हप्ता कशाला भरायचा?

पुढच्या बैठकीसाठी: आपल्या भागातल्या पाच ओंडक्यांचा घेर मोजा, जाडी काढा आणि वहीत लिहा. त्यातली जास्तीत जास्त कामं कुठल्या बारने होतील, यावर चर्चा करा. दुकानात त्यानंतरच जा.