साथीनंतरचे शहर

"उंदीर पडला!" एके काळी हे दोन शब्द कानी येताच कोल्हापुरातील माणसे बोचकी बांधू लागत. आढ्यावरून उंदीर मरून पडणे म्हणजे प्लेग दाराशी आल्याची वर्दीच होती. माझी आजी ही हकीकत सांगताना अजूनही आढ्याकडे पाहत असे.

१८९६ साली हा रोग मुंबईत प्रकट झाला आणि हळूहळू दक्षिणेकडे पसरला. कोल्हापुरास १८९१ मध्ये रेल्वे आली होती. धान्याच्या पोत्यांबरोबर उंदीर आणि उंदरांबरोबर पिसवा प्रवास करीत. पिसवांमुळे प्लेग होतो, हे १८९८ मध्ये एका फ्रेंच डॉक्टराने कराचीत दाखविले. परंतु ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली.

त्या वेळी शाहू महाराज अवघे बाविशी-तेविशीचे होते. लोकांनी गाव सोडून माळावर झोपड्यांत राहावे, असा उपाय त्यांच्या राज्यात योजिला गेला. रोगाचे मूळ नीटसे ठाऊक नसतानाही तो योग्य ठरला. कारण उंदीर मागे घरातच राहत. पण मुलांनो, दाराला कुलूप घालून, म्हातारी माणसे व गुरेढोरे घेऊन उघड्या माळावर जाणे सोपे का होते? त्या धैर्याचा कोणी पोवाडा रचल्याचे मी ऐकलेले नाही.

साथ ओसरली, तरी अंधाऱ्या, कोंदट घरांचा प्रश्न उरलाच. मुंबईत १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने रुंद रस्ते काढले आणि दादर, माटुंगा येथे मोकळ्या वस्त्या आखल्या. मात्र प्रारंभी जितकी गरिबांची बिऱ्हाडे पाडली, तितकी नवी बांधली नाहीत. वारा मिळाला तो कोणाला, हे विचारावेच लागते.

कोल्हापुरात शाहूपुरी १८९५ मध्ये, म्हणजे प्लेगच्या आधीच वसू लागली होती. हेतू व्यापाराचा होता. तरी तिच्या सरळ गल्ल्यांत ऊन आणि वारा सहज येतो.

२०२० साली करोनाची साथ आली, तेव्हा आज्ञा नेमकी उलट होती : घराबाहेर पडू नका! ज्याच्या घरी एकच खोली आणि सहा माणसे, त्याने आजाऱ्याला वेगळे कोठे निजवावे? शाहूपुरीतून फिरून नंतर जुन्या पेठेतील एखाद्या बोळात जा आणि तेथील घरांच्या खिडक्या मोजा.