मुलुखाची पारख वाईट वर्षीं

दिवाळी आटोपल्यावर आमच्या नात्यांतला एक तरुण शेतकरी माझ्या ओसरीवर येऊन बसला. गांव नरखेड तालुक्यांतलें. जमीन पांच एकर, विहीर एक, संत्र्याचीं झाडें अडीचशें, त्यांपैकीं निम्मीं वाळलेलीं. हातांत सात-बाराचा उतारा व एक वही. वहींत त्यानें तीन रकाने पाडले होते : भंडारा, चंद्रपूर, कोल्हापूर. प्रत्येक रकान्यांत जमिनीचा एकरी भाव, पावसाचें मान व एकरी उत्पन्न लिहिलेलें. तो म्हणाला, "काका, हें वावर विकून टाकावें म्हणतों. तुम्ही नोकरींत इतके तालुके हिंडलां. राहावयास मुलूख कोणता बरा, तें एकदां सांगा."

असा प्रश्न हल्लीं पुष्कळांच्या मनांत घोळतो, म्हणून त्याचें उत्तर मासिकांतून सविस्तर द्यावें असें वाटलें. मी कृषिशास्त्रज्ञ नव्हे. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलों आणि पुढें महसूल खात्यांत कारकुनी केली. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर या जिल्ह्यांत बदल्या झाल्या. तेव्हां पुढील मजकूर दप्तराच्या खिडकींतून पाहिलेला आहे, असें समजून वाचकांनीं तो घ्यावा.

त्या वहींत एक दोष होता. तिन्ही रकान्यांतले आंकडे चांगल्या वर्षाचे होते. सुकाळांत सारेच मुलुख गोड लागतात; सणाच्या दिवशीं घर पाहून कोणी लेक देत नाहीं. मुलूख पाहावयाचा तो त्याच्या वाईट वर्षांत. पाऊस फिरला, भाव पडला किंवा घरांत दुखणें आलें म्हणजे तेथला मनुष्य काय करतो, हें आधीं विचारावें.

वाईट वर्षें मोजण्याचें एक साधन आमच्या खात्यांत आहे. त्यास पैसेवारी म्हणतात. पूर्वीं पूर्ण पीक सोळा आण्यांचें धरीत, तेव्हां हीच आणेवारी होती. निवडक शेतांत ठराविक मापाचे तुकडे आंखून पीक कापतात, वजन करतात आणि प्रमाण उत्पन्नाशीं ताडून शंभर पैशांपैकीं किती पैसे पीक आलें तें ठरवितात. खरिपाची नजर पैसेवारी सप्टेंबरअखेर निघते, अंतिम पैसेवारी डिसेंबरांत. पन्नास पैशांच्या आंतलें गांव टंचाईंत धरण्याचा प्रघात आहे. या आंकड्यांवरून माणसांचा हात फिरतो, हें मी नाकारीत नाहीं. एकोणपन्नास व एक्कावन्न यांमधलें अंतर पुष्कळदां वावरापेक्षां चावडींत ठरतें. तरी दहा वर्षांची पैसेवारी ओळीनें मांडली म्हणजे गांवाचा स्वभाव दिसूं लागतो. कोणतें गांव एकदां पडून उठतें आणि कोणतें लागोपाठ तीन वर्षें पन्नासाच्या खालीं लोळतें, हें जमिनीच्या भावावरून कळत नाहीं. तहसिलींत अर्ज केला म्हणजे हे आंकडे मिळतात.

आतां आधीं आपलें घर पाहूं. नागपूर जिल्ह्यांत वर्षाकांठीं सुमारें ४२ इंच पाऊस पडतो. ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन यांस तो पुरेसा आहे. जुन्या बंदोबस्ताच्या कागदांत येथील जमिनीचे कन्हार, मोरंड, खरडी, बरडी असे प्रकार लिहिलेले सांपडतात. कन्हार जमीन ओल धरते. पावसानें तीन आठवडे दडी मारली तरी पीक तग धरून राहतें. बरडीवरचें पीक आठ-दहा दिवसांत मान टाकतें. म्हणून एका जिल्ह्यास एकच रकाना देणें ही त्या वहींतली दुसरी चूक. काटोल-नरखेडचा संत्र्याचा पट्टा आणि मौदा-रामटेककडील पेंच नहराखालचा धानाचा पट्टा यांत जितकें अंतर आहे, तितकें कधीं कधीं दोन प्रांतांत नसतें. संत्र्याच्या पट्ट्यांत विहिरींनीं तळ गांठल्यावर लोकांनीं शेंकडों फूट खोल बोअर मारले. माझ्या या पुतण्याच्या वावरांत चार आहेत, त्यांपैकीं तीन कोरडे. त्यावर माघ-फाल्गुनांत गारांची धास्ती. नहराखालीं पाण्याची एवढी ददात नाहीं. परंतु त्याच पेंचच्या पाण्यावर नागपूर शहराची तहान भागते, आणि धरण कमी भरलें म्हणजे पिण्याचें पाणी आधीं राखून ठेवतात, हें विसरूं नये.

बोअरच्या कर्जानें टेकीस आलेला मनुष्य वैनगंगेकडे वळतो, तेव्हां त्यास तेथें स्वर्ग दिसतो. गोंदिया हा १९९९ च्या मे महिन्यापर्यंत भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, म्हणून दोन्ही जिल्हे एकत्र घेतों. पाऊस ५० इंचांच्या आसपास आणि गांवोगांवीं तलाव. यांतले पुष्कळसे तलाव सरकारनें बांधलेले नव्हत. कोहळी समाजाच्या लोकांनीं काहीं शतकांपूर्वीं उताराच्या तोंडाशीं मातीची पाळ घालून ते बांधले. नवेगांव बांधचा प्रसिद्ध तलाव त्यांतलाच. पुढें ते मालगुजारांच्या ताब्यांत होते, म्हणून त्यांस मालगुजारी तलाव, किंवा हल्लींच्या कागदोपत्रीं 'मामा तलाव', म्हणतात. १९५१ सालीं मालगुजारी गेली व तलाव सरकारजमा झाले. मालगुजार गेला याचें मला दुःख नाहीं. परंतु पाळीवरचें झुडूप तोडावयाचें कोणीं आणि गाळ काढावयाचा कोणीं, हा प्रश्न त्या दिवसापासून जो लोंबकळत पडला, तो पुष्कळ गांवीं आजहि तसाच आहे.

धानाच्या मुलुखांत राहणें म्हणजे काय, हें कापसाच्या मुलुखांतल्या माणसास नुसतें सांगून समजत नाहीं. पऱ्हे टाकले, ते तीन आठवड्यांचे झाले आणि बांधींत रोवणीपुरतें पाणी नसलें, तर पऱ्हे आपली वाट पाहात नाहींत. त्यांचें वय निघून जातें. पऱ्हाटी पंधरा दिवस रुसते आणि पावसाची सर येतांच पुन्हां हंसते. धान लोंबीवर येतांना रुसलें कीं दाणा भरत नाहीं. तणस तेवढी घरीं येते.

येथें माझ्या हातून घडलेली एक चूक सांगणें प्राप्त आहे. माझ्या मामेभावानें वर्धेकडील चार एकर कोरडवाहू विकून भंडारा जिल्ह्यांत एका तलावाखालीं तीन एकर धानाची जमीन घेतली. कागद मींच तपासले. सात-बारा स्वच्छ, फेरफार बरोबर, भोगवटादार वर्ग एक, बोजा नाहीं. "निर्धास्त सही कर," असें मीं मोठ्या तोऱ्यानें सांगितलें. तिसऱ्या वर्षीं श्रावणांत पाऊस ओढला. तलाव निम्मा होता. गांवकऱ्यांनीं बैठक घेऊन वरच्या बांध्यांपासून पाण्याची पाळी लावली. भावाची जमीन सर्वांच्या शेवटीं. तेथवर पाणी पोंचलेंच नाहीं. तो भांडावयास गेला, तेव्हां एका वृद्धानें त्यास शांतपणें सांगितलें कीं, "बापू, ही पाळी आमच्या आज्यापासूनची आहे आणि कागदांतहि आहे." खरोखरच होती. वाजिब-उल-अर्ज नांवाचा गांवचा एक जुना कागद असतो. त्यांत पाण्याचा, वाटेचा, मासेमारीचा रिवाज नमूद केलेला असतो. निस्तारपत्रक म्हणून दुसरा असतो. त्यांत चराई, सरपण यांचे हक्क असतात. मध्यप्रांताच्या वेळचे हे कागद नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा या बाजूच्या गांवांचे असतात, आणि १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमानेंहि त्यांस जागा ठेवली आहे. ते बस्ते मीं वर्षानुवर्षें झाडले, बांधले, फळीवर रचले. आणि स्वतःच्या भावाच्या वेळीं त्यांतला एकहि सोडून पाहिला नाहीं.

त्या वर्षीं त्याच्या घरीं तणस आली. पुढच्या वर्षीं त्यानें जमीन बटईनें दिली. आतां तो बुटीबोरीस एका कारखान्याच्या फाटकावर रात्रपाळी करतो. मला तो कधीं शब्दानें बोलला नाहीं. वहिनी एकदां बोलल्या.

वैनगंगेची दुसरी बाजू पुराची. २०२० च्या ऑगस्टअखेर ती अशी चढली कीं भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत काठचीं वावरें पाण्याखालीं गेलीं. म्हणून नदीकांठची जमीन पाहतांना पूररेषा विचारावी. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखालीं भंडारा जिल्ह्यांतलीं व आपल्या कुही तालुक्यांतलीं गांवें गेलीं. त्या लोकांस मुलूख निवडण्याची संधिच नव्हती, ती आपणांस आहे, एवढें मनांत असूं द्यावें.

चंद्रपूर व गडचिरोली यांकडे जमीन स्वस्त मिळते असें ऐकून कित्येक जण धांवतात. ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही हा भाग धानाचा आहे आणि माणसें मायाळू आहेत. मीं तेथें सुखाचे दिवस काढले. परंतु ब्रह्मपुरीचा उन्हाळा ४६ अंशांवर जातो. पीक राखावयास रात्रीं माळ्यावर बसावें तर खालीं रानडुकरें आणि जंगलांत वाघ. सरपणास किंवा मोहफुलें वेंचावयास गेलेलें माणूस परत न आल्याचे पंचनामे त्या भागांत होतात. गडचिरोलींत हिवतापाचा जोर मोठा. भामरागड तर पर्लकोटा नदी चढली कीं दर पावसाळ्यांत जगापासून तुटतें. दवाखाना किती कोसांवर आहे हें न विचारतां, तो श्रावणांत किती तासांवर असतो, हें विचारावें. आणखी एक. आदिवासी खातेदाराची जमीन जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवांचून दुसऱ्यास घेतां येत नाहीं. कोणी मध्यस्थ 'साध्या कागदावर करून टाकूं' म्हणाला तर तेथूनच परतावें. अशी जमीन मूळ धन्यास परत जाऊं शकते, आणि जावी हेंच न्यायाचें आहे.

वऱ्हाड माझ्या नोकरीच्या हद्दींत नव्हतें. परंतु सासुरवाडी दर्यापूर तालुक्यांतली. पाऊस ३० इंचांच्या आगेंमागें, जमीन काळी व इतकी खोल कीं विहीर खणणारास मुरूम लवकर दिसत नाहीं. कापसाचें घर म्हणून या मुलुखाची ख्याति. पैसा पाहिलेलीं माणसें, हाताचीं मोकळीं. पण पूर्णेच्या दोहों बाजूंस अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतून गेलेला खारपाणपट्टा नकाशावर ठळक दिसत नाहीं. तेथें विहिरींत पाणी आहे आणि तें तोंडांत धरवत नाहीं. शेतास द्यावें तर जमीन चोपण होते. आमचें कुटुंब लग्न होऊन प्रथम घरीं आलें, तेव्हां त्यांनीं घराची कांहींच चौकशी केली नाहीं. आडाचें पाणी ओंजळीनें पिऊन पाहिलें आणि "हें गोड आहे" एवढेंच म्हटलें. मुलूख कसा पाहावा, याचा याहून चांगला धडा मला कोणत्याहि वरिष्ठानें दिला नाहीं.

वऱ्हाडाचें वाईट वर्ष पावसानें येतें, तसेंच भावानें व बियाण्यानेंहि येतें, कारण सारें घर एका पिकावर टांगलेलें असतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसांवर शेतकरी व मजूर दगावले, आणि त्याच हंगामांत गुलाबी बोंडअळीनें उरलेली बोंडें खाल्लीं. शेतकरी आत्महत्येचीं प्रकरणें वर्धा जिल्ह्यांत असतांना मींहि लिहिलीं आहेत. एक लाख रुपयांच्या मदतीस कुटुंब पात्र कीं अपात्र, असा त्यांत निर्णय करावयाचा असतो. जमीन निकस म्हणून मनुष्य गेला, असें मला त्यांत क्वचितच दिसलें. जमीन बरी असे. कर्ज मात्र एका पिकाच्या भरंवशावर, तेंहि सावकाराचें, काढलेलें असे.

कोंकण व देश यांविषयीं थोडक्यांत. रत्नागिरीकडे सव्वाशें इंच पाऊस पडतो, हें ऐकून आपल्याकडील माणसाचे डोळे विस्फारतात. पण तें पाणी जांभ्या कातळावरून चार महिन्यांत समुद्रास मिळतें आणि चैत्र-वैशाखांत तेथील वाड्यांवर टँकर लागतात. मीं तो टँकर पाहिला, आणि त्याच्यामागें धांवणाऱ्या कळशाहि पाहिल्या. कोल्हापुरास पाणी, सहकार, साखर कारखाने सर्व आहे. म्हणूनच तेथील जमीन सहसा विकावयास निघत नाहीं, आणि निघाली तर आपले पांच एकर तिच्या पासंगास पुरत नाहींत. २०१९ व २०२१ सालीं पंचगंगेनें तेथेंहि ऊंस बुडविला. सोलापुराकडे पाऊस २२ इंचांच्या आसपास, आणि लातुरास २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी न्यावें लागलें. पुण्याचा विचार शेतकरी म्हणून करूं नये. तेथें जातो तो नोकर म्हणून.

कायद्याची एक गोष्ट पुतण्यास मुद्दाम सांगितली, ती येथेंहि लिहितों. आपल्या राज्यांत शेतजमीन घेणारा शेतकरी असावा लागतो. सगळें वावर आधीं विकून पैसा बँकेंत ठेवला आणि मग सावकाश मुलूख शोधीत बसलें, तर आपण शेतकरी असल्याचा पुरावाच हातचा जातो व नवी जमीन घेतांना अडचण पडते. आधीं घ्यावी, मग विकावी. तें न जमल्यास कांहीं जमीन नांवावर राखावी.

जमीन पाहावयास पेरणी-कापणीच्या दिवसांत जाऊं नये. वैशाखांत जावें, आठ दिवस राहावें, आणि विकणाराच्या घरीं न उतरतां दुसऱ्याकडे उतरावें. सोबत पत्नीस न्यावें. बांध, धुरा, नहर आपण पाहतों. पाणी किती लांबून आणावें लागतें, बाळंतिणीस कोठें नेतात, या गांवांत लेक द्यावयास लोक तयार असतात कीं नाहीं, हें त्यांना पहिल्याच दिवशीं कळतें.

पुतण्या वही घेऊन गेला. पौषांत त्याचा निरोप आला कीं, भंडारा जिल्ह्यांतील एका गांवची दहा वर्षांची पैसेवारी त्यानें मिळविली आहे; तींत तीन वर्षें पन्नासाखालीं आहेत, पण लागोपाठ नाहींत. वाजिब-उल-अर्जाच्या नकलेसाठीं अर्ज दिला आहे. वैशाखांत दोघें पतिपत्नी तिकडे आठ दिवस राहणार आहेत. उतरावयास माझ्या मामेभावानें आपल्या तेथल्या घराची किल्ली दिली आहे.