नवोदितांचे गुण म्हणे अर्धेच धरायचे!

तो हंगाम संपला, त्यानंतरचाही संपला, तरी विषय निघाला की माझं डोकं अजून फिरतं. म्हणून एकदाचं लिहून टाकतो. ज्यांना आपल्या गावात प्रो कबड्डीची कागदी लीग चालवायची आहे त्यांनी हे वाचावं. आमच्या धानोऱ्यात ज्यांनी ती चालवली, त्यांनी तर जरूर वाचावं.

कागदी लीग कशी असते हे नव्यानं सांगायला नको. खऱ्या संघांसारखीच पाच कोटींची थैली, फक्त पैसे खोटे. खऱ्या खेळाडूंवर आपली बोली, आणि ते मॅटवर जे गुण घेतील ते आपल्या खात्यात. लिलाव उरकला की नवोदितांची निवड. खऱ्या लीगमध्ये ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून येणारी ही पोरं लिलावात नसतातच, संघ त्यांच्याशी थेट करार करतात. आमच्याकडे चिठ्ठ्या टाकून पाळी ठरते आणि पाळीप्रमाणे ज्यानं त्यानं आपली पोरं उचलायची. बहुतेक जण या वेळी चहा प्यायला उठतात. मी उठत नाही.

ही गोष्ट २०२४ची, अकराव्या हंगामाची. आमच्या लीगच्या संयोजकांनी आपल्या संघात पवन सेहरावत आणि परदीप नरवाल घेऊन थैली जवळजवळ रिकामी केली होती. मी मध्यम किमतीचे बचावपटू घेतले आणि सगळं लक्ष नवोदितांवर ठेवलं. पाटणा पायरेट्सचा अयान लोहचब त्यात होता. तेव्हा आमच्या चौकात हे नाव कोणालाही माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संयोजकांनी सगळ्यांच्या नवोदितांना शाळेसारखे गुण दिले आणि टपरीवर यादी मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांचे स्वतःचे नव्वद. माझे पस्तीस, तेही म्हणे ग्रेस देऊन.

“काय गा भाऊ, संघ काढला का आश्रमशाळा उघडली? ही पोरं म्हंजे निस्ती भरती हाये!”

सगळे हसले. मीही हसलो, कारण सामने बघायचा टीव्ही त्यांच्या घरी होता.

१८ ऑक्टोबरला हैदराबादला सामने सुरू झाले. इकडे धानाची कापणी, मग दिवाळी, पाठोपाठ विधानसभेची निवडणूक, त्यामुळे गुणांकडे रोज कोण बघतो? मी बघत होतो. पाटण्याचा देवांक दलाल सुटला होता (हंगामाअखेर चढाईचे ३०१ गुण) आणि त्याच्या जोडीला अयान. देवांकला अडवायला समोरचा बचाव एका बाजूला सरकला की दुसऱ्या बाजूनं हा पोरगा गुण काढून परत यायचा. पहिल्याच हंगामात त्यानं दीडशेच्या वर गुण घेतले. तिकडे पवन गुडघा दुखावून अर्ध्यातच बाहेर गेला, आणि परदीपला ७० लाखांत घेणारा बंगळूरु बुल्स तळाला गेला.

संयोजकांचं बोलणं हळूहळू बदलत गेलं, ते माझ्या उशिरा लक्षात आलं. आधी ‘तुझी पोरं’, मग ‘ती पाटण्याची पोरं’, मग पोरांचा विषयच बंद. गुणांची वही आधी टपरीवर असायची, ती घरी राहायला लागली. मागितली की “लिहिणं बाकी हाये.” शेवटी एका रात्री सामना बघायला गेलो असताना ती टीव्हीशेजारी दिसली, आणि मी उघडली. माझ्या पानावर अयानच्या नावापुढे मला पाठ असलेला आकडा नव्हता, त्याच्या निम्मा होता. पानाच्या डोक्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं: ‘नवोदित – अर्धे गुण.’ बाकीची सगळी वही काळ्या शाईत, ही एकच ओळ निळ्या. इतरांची पानं उलटून पाहिली. तीच ओळ, तीच निळी शाई. म्हणजे नियम सगळ्यांना सारखा. पण बाकी कोणाच्या नवोदितांनी गुण घेतले होते कुठे? निम्मे व्हायला आधी गुण तर पाहिजेत!

मी विचारलं. ते म्हणाले, “हे आधीच ठरलं होतं, बाप्पा. नवी पोरं बदली म्हणून उतरतात, त्यायले पूर्ण गुण कसे द्याचे?” खोलीत माणसं होती. कोणी काही बोललं नाही. एकानं आवाज वाढवला, टीव्हीचा.

पूर्ण गुणांनी मी पहिला होतो. वहीप्रमाणे तिसरा आलो. वर हंगामाअखेरच्या जेवणाच्या पैशांत माझा वाटा धरला तो पूर्ण, अर्धा नव्हे.

आता ज्यांना नवोदितांची तुकडी जोखायची आहे त्यांच्यासाठी. पोरगा किती चांगला आहे हा प्रश्न दुसरा. त्याच्यापुढे रांगेत कोण उभा आहे, हा पहिला. तीन नावाजलेले चढाईपटू असलेल्या संघातला हुशार पोरगा हंगामभर बाकावर बसतो. एकच मोठा चढाईपटू असेल तर दुसरी जागा मोकळी असते, आणि समोरच्या बचावाचं लक्षही त्याच्यावर कमी असतं. अयानला मी याच हिशेबानं घेतलं. हे नशीब नव्हतं.

चढाईच्या गुणांचा नुसता आकडा पाहू नका. मैदानात सहा-सात बचावपटू असताना मिळालेला गुण आणि समोर दोघेच उरले असताना मिळालेला गुण वहीत सारखाच दिसतो. ‘करो या मरो’च्या चढाईला प्रशिक्षक कोणाला पाठवतो ते बघा. तिथे नव्या पोराला पाठवलं, तर प्रशिक्षकाचा त्याच्यावर विश्वास बसला आहे. तो विश्वास तुमच्या-माझ्या गुणपत्रिकेपेक्षा खरा.

बचावपटूंच्या बाबतीत धीर धरावा लागतो. कुमार गटात ७० किलोंच्या आतल्या पोरांचे पाय धरणारा कोपरारक्षक इथे ८०-८५ किलोंच्या गड्यापुढे उभा राहतो, आणि सुरुवातीला फसलेल्या पकडींचीच नोंद जास्त होते. अपवाद असतात. इराणचा मोहम्मदरेझा शादलू २०२१-२२ला ३१ लाखांत आला, पहिल्याच हंगामात पकडीचे ८९ गुण घेऊन गेला, आणि २०२३च्या लिलावात त्याची बोली २ कोटी ३५ लाखांवर गेली. पण प्रत्येक कोपऱ्यात शादलू शोधायला जाल तर थैली फाटेल.

लिलावाच्या दुसऱ्या दिवशी गुणपत्रिका काढू नये. पुणेरी पलटणचंच बघा. आठव्या हंगामात त्यांच्याकडे राहुल चौधरी, नितीन तोमर अशी मोठी नावं होती, आणि सोबत अस्लम इनामदार, मोहित गोयत ही पोरं. त्या दिवशी गुण दिले असते तर पोरांना काय मिळालं असतं? नवव्या हंगामात पलटण अंतिम सामन्यात हरली, दहाव्यात अस्लमच्या नेतृत्वाखाली हरियाणाला २८-२५ हरवून विजेती झाली. उलटंही होतं. कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला, पहिल्या हंगामात त्यानं धुमाकूळ घातला, पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सनं १ कोटी ४५ लाख मोजले. नंतर दुखापतींनी तो मागे पडला. तेव्हा एका हंगामावर माणूस डोक्यावरही घेऊ नका.

नियम लिहून ठेवा, सगळ्यांच्या सह्या घ्या, वही टपरीवरच ठेवा. तब्येतीच्या बातम्या वाचत जा. थैलीतले थोडे पैसे शिल्लक ठेवा. हे कोणीही सांगेल. मी सांगतो ते वेगळं: ज्याचा स्वतःचा संघ आहे त्याच्या हाती वही देऊ नका, मग टीव्ही कोणाच्याही घरी असो.

आणि नव्या पोराला खेळण्याआधीच निम्मं धरायची ही खोड कागदावर थांबत नाही. आमच्या गडचिरोलीचं पोलीस दल वीर बाबूराव शेडमाके यांच्या नावानं कबड्डी स्पर्धा घेतं, त्यासाठी गावोगावचे संघ निघतात. तिथेही रंगी, येरकड अशा आतल्या गावांचं पोरगं आलं की आधी पायात बूट आहेत का ते बघणारी माणसं मी पाहिली आहेत. त्याला दोन चढाया तरी पूर्ण द्या, मग बोला.

बाराव्या हंगामात अयाननं चढाईचे तीनशेच्या वर गुण घेतले. परदीप नरवालला त्या लिलावात कोणी घेतलं नाही आणि तो निवृत्त झाला. संयोजक आता म्हणतात, “अयान तर मलेही आधीच दिसला होता.” दिसला असेल, तर माझे उरलेले अर्धे गुण त्यांनी वहीत चढवावेत. शाई कोणतीही चालेल.