पुलर पाहिला, जोड पाहिली नाही

२०२१च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, करळ फाट्याच्या थोडं अलीकडे माझा भरलेला ट्रेलर त्याला ओढणाऱ्या पुलरपासून सुटला. वर दोन वीस फुटी डबे होते, आत आयात केलेला संगमरवर. गाडी जेमतेम वीसच्या वेगात होती. पुलरचं चाक खड्ड्यात गेलं, मागून मोठा आवाज आला आणि ट्रेलर मागे घसरला. एअर पाईप तुटले, त्यामुळे ट्रेलरचे ब्रेक जागच्या जागी आवळले गेले. पुढचं तोंड खाली आदळलं आणि लँडिंग लेग काडीसारखे वाकले. मागून दुचाकीवर एक जोडपं येत होतं. त्यांची गाडी ट्रेलरच्या बंपरपासून दोन हातांवर थांबली. ते दोन हात मी आजही विसरू शकत नाही.

चूक ड्रायव्हरची नव्हती, रस्त्याची तर नव्हतीच. चूक माझी होती आणि ती घटनेच्या पाच महिने आधी, माझ्याच यार्डात झाली होती.

तोवर माझ्याकडे एकच जुना सहाचाकी पुलर होता. तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरसह त्याचं पासिंग ४०.२ टन. जुलै २०१८ मध्ये सरकारने अ‍ॅक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, आणि मागे दोन अ‍ॅक्सल असलेल्या दहाचाकी पुलरला तीन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरसह ४९ ऐवजी ५५ टन मिळू लागले. धंदा वाढवायचा म्हणून मी तसा एक पुलर घेतला, वापरलेला पण उत्तम. इंजिन ऐकलं, गिअरबॉक्स पाहिला, टायर मोजले. त्यावर फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रेलरची पिन जबड्यात धरणारी जोड, मात्र नव्हतं, आधीच्या मालकाने काढून घेतलं होतं. जुना पुलर मी विकायला काढलाच होता. त्याचंच फिफ्थ व्हील उतरवलं आणि नव्यावर चढवलं. पिन दोन इंची, जबडा दोन इंची, बसतंय म्हटल्यावर प्रश्नच मिटला असं मला वाटलं.

माझ्या वडिलांची बैलगाडी होती. बैल विकत घेताना ते जेवढे दात बघत, तेवढ्याच बारकाईने घरी येऊन जू आणि शिवळा बघत. बैल तगडा आला म्हणजे जूही तगडं हवं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी विसरलो.

आता हिशेब सांगतो, कारण सगळं त्यातच आहे. फिफ्थ व्हीलवर दोन प्रकारचा ताण येतो. एक, ट्रेलरच्या पुढच्या टोकाचं वजन प्लेटवर सरळ खाली दाबतं. दुसरा, ओढताना आणि ब्रेक मारताना जबड्याला आडवा हिसका बसतो. जुन्या गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलला ६ आणि मागच्याला १०.२ टन मंजूर होते. त्यातून पुलरचं स्वतःचं वजन वजा केलं, की प्लेटवर नऊ-साडेनऊ टन येत. नव्या गाडीत पुढे ७, मागे २१, मिळून २८ टन. पुलरचं स्वतःचं वजन ९ टन धरा, म्हणजे प्लेटवर १९ टन. भार दुप्पट झाला, आणि माझ्या जुन्या फिफ्थ व्हीलच्या पट्टीवर मर्यादा कोरलेली होती १५ टनांची. पासिंगच्या आत राहूनही मी त्या जोडावर रोज चार टन जास्त लादत होतो.

आडव्या हिसक्यासाठी पट्टीवर ‘डी’ हा आकडा असतो, किलोन्यूटनमध्ये. तोही काढता येतो. प्लेटवरच्या भारासह पुलरचं वजन २८ टन, प्लेटवर टेकलेल्या भारासह भरलेल्या ट्रेलरचं वजन ४६ टन. दोन्हींचा गुणाकार करायचा. मग दोन्हींच्या बेरजेतून प्लेटवरचे १९ टन वजा करून उरलेल्या ५५ ने भागायचं. आलेल्या उत्तराला ०.६ ने आणि ९.८१ ने गुणायचं. उत्तर येतं सुमारे १३८. म्हणजे या गाडीला डी १३८ च्या वर आणि उभा भार १९ टनांच्या वर असलेलंच फिफ्थ व्हील हवं. डी १५० आणि उभा भार २० टन असलेलं दोन इंची फिफ्थ व्हील बाजारात मिळतं. ते घ्यायला मला कुणी अडवलं नव्हतं.

इशाराही मिळाला होता. जूनमध्येच ड्रायव्हर म्हणाला, “शेठ, गिअर टाकला की मागून टकटक येतं.” मी गाडी मिस्त्रीकडे पाठवली. त्याने जबडा आवळला आणि बैठकीच्या प्लेटला पडलेली बारीक चीर वेल्डिंगने भरून दिली. आठवडाभर आवाज बंद झाला, पुन्हा सुरू झाला. मी ड्रायव्हरला म्हटलं, चालेल. पुढे ट्रेलर सुटल्यावर सगळं उघडलं तेव्हा जबड्याची आतली कड झिजून गोल झालेली होती.

त्यानंतर मी जे शिकलो आणि आज पाळतो, ते सांगतो.

फिफ्थ व्हील आपल्या यार्डात काय पडलंय ते बघून निवडू नका. आधी पासिंगचे कागद घ्या, अ‍ॅक्सलचे आकडे लिहा, वरचा हिशेब करा आणि मगच दुकानात जा. ज्याची पट्टी उखडली आहे किंवा आकडे वाचता येत नाहीत ते भंगारातून फुकट मिळालं तरी घेऊ नका.

पिनचं माप ट्रेलरवर जाऊन पाहा. कंटेनरच्या ट्रेलरला बहुतेक दोन इंची पिन असते, अवजड यंत्रं वाहणाऱ्या लो-बेडला साडेतीन इंची. साडेतीन इंची जबड्यात दोन इंची पिन सहज शिरते, पण लॉक तिला धरतच नाही. नवी दोन इंची पिन ५०.८ मिलिमीटर असते. झिजून ४९ वर आली की ती बदलायची. पिनच झिजली असेल तर नवं फिफ्थ व्हील घालून उपयोग नाही.

जागा महत्त्वाची आहे. फिफ्थ व्हीलचा मध्य मागच्या दोन अ‍ॅक्सलच्या मध्याच्या किंचित पुढे हवा. केबिनला ट्रेलर घासू नये म्हणून काही जण ते मागे सरकवतात, मग पुढची चाकं हलकी होतात आणि बोरघाटात उतरताना स्टिअरिंग हातात राहत नाही. उंचीही ट्रेलरला जुळणारी हवी. बैठक कंपनीने सांगितलेल्या दर्जाच्या बोल्टांनीच बसवा. चिरलेल्या भागाला वेल्डिंग करू नका, तो भाग बदला.

जोडताना ट्रेलरचे ब्रेक लावलेले असावेत आणि त्याचं तोंड फिफ्थ व्हीलपेक्षा थोडं खाली असावं, म्हणजे पुलर मागे घेताना प्लेट त्याला उचलून धरते. तोंड उंच असेल तर पिन जबड्याच्या वर बसते आणि आवाजावरून जोड लागली असं वाटतं. म्हणून लँडिंग लेग उचलण्याआधी पुलर हलकेच पुढे ओढून पाहा. मग खाली उतरा, टॉर्च लावा, प्लेट आणि ट्रेलर यांत फट नाही ना, जबडा पिनमागे पूर्ण मिटला आहे ना, हँडल खाचेत बसून सेफ्टी लागली आहे ना ते डोळ्यांनी बघा. त्यानंतरच लेग उचला.

आपल्याकडे पावसाने ग्रीस धुऊन जातं आणि बंदराच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजतं. पावसाळ्याआधी आणि नंतर जुनं ग्रीस खरवडून नवं भरा. त्याच वेळी जबड्यातला खेळ आणि बोल्ट तपासा.

माझी गाडी दीड महिना उभी राहिली. लेग, पाईप, पुलरची मागची चौकट आणि शेवटी नवं फिफ्थ व्हील, असं सगळं मला करावं लागलं. जे वाचवायला गेलो त्याच्या कितीतरी पट गेलं. पण तो तोटा भरून निघाला. दुचाकीवरचं ते जोडपं दोन हात पुढे असतं, तर कशानेच भरून निघालं नसतं.

म्हणून माझ्या सगळ्या मालक-ड्रायव्हर भावांना एकच विनंती आहे. उद्या सकाळी गाडी काढण्याआधी टॉर्च घेऊन वाका आणि फिफ्थ व्हीलच्या पट्टीवरचे दोन आकडे वाचा. ते तुमच्या पासिंगच्या हिशेबाला पुरत नसतील, किंवा वाचताच येत नसतील, तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका.