नवा जन्म म्हणजे काय?

(शास्त्रपाठ : योहान ३:१–२१, गणना २१:४–९, तीताला ३:४–७)

प्रभूनें नव्या जन्माची गोष्ट काढली ती चोरापाशीं किंवा जकातदारापाशीं नव्हे, तर निकदेमापाशीं. हा परूशी, यहूदी न्यायसभेचा सभासद व शास्त्राचा शिक्षक होता. अशा सज्जनालाहि जर नवा जन्म अवश्य, तर तो सर्वांनाच अवश्य आहे. परंतु हा विषय गांवांत सांगतांना तीन गैरसमज आड येतात.

पहिला, पुनर्जन्माचा. चौऱ्यांशीं लक्ष योनींचें बोलणें ज्यांनीं लहानपणापासून ऐकलें, त्यांस मरणानंतरचा दुसरा देह आठवतो. निकदेमाचेंहि मन देहापाशींच अडलें. मूळ ग्रीक शब्द ‘अनोथेन’ ह्याचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन अर्थ होतात. निकदेमानें पहिला घेतला. प्रभूनें त्याला दुसऱ्याकडे नेलें. हा जन्म ह्याच आयुष्यांत, देवाच्या आत्म्याकडून होतो. पुनर्जन्मांत मागील कर्माचें देणें फेडावें लागतें. नव्या जन्मांत तें देणें ख्रिस्तामुळें माफ होतें.

दुसरा, संस्काराचा. मुंज झालेल्यास द्विज म्हणतात. पण तो अधिकार सर्वांस मिळाला नाहीं. आत्म्याच्या जन्मास जात, विद्या किंवा स्त्रीपुरुष हा भेद नाहीं.

तिसरा आपल्या अगदीं जवळचा. बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहींत नांव लागलें, म्हणजे सर्व झालें असें पुष्कळांस वाटतें. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. तरी पुढें साक्ष लिहितांना त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें कीं, तेव्हां आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. तो सुमारें ८ वर्षांनीं मिळाला. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, ती हलकी मानूं नये. पण खूण म्हणजे जीवन नव्हे.

मग हें जीवन कसें मिळतें? प्रभूनें मोशेच्या पितळी सर्पाचा दाखला दिला. रानांत सर्पदंश झालेल्यांपाशीं औषध नव्हतें. उंच केलेल्या सर्पाकडे ज्यानें पाहिलें तो वांचला. तसेंच, पापी मनुष्यानें आपल्या पुण्याकडे न पाहतां वधस्तंभावरील ख्रिस्ताकडे पाहावें. तारण ही कमाई नाहीं, दान आहे.

कोणी भीत भीत विचारतो, “माझा नवा जन्म कोणत्या दिवशीं झाला हें मला सांगतां येत नाहीं, तर तो झालाच नाहीं काय?” बंधूंनो, खेड्यांतील कित्येक वृद्धांस आपली जन्मतिथि ठाऊक नसते, पण ते जिवंत आहेत ह्याविषयीं कोणी शंका घेत नाहीं. दिवस आठवण्यापेक्षां श्वास चालला आहे कीं नाहीं हें पाहावें. प्रार्थना, पापाचा वीट, शेजाऱ्यावर प्रीति व घेतलेलें परत करण्याची तयारी, हा तो श्वास होय. जक्कयानें चौपट परत करण्याचें वचन दिलें, तें प्रभु त्याच्या घरीं आल्यावर, आधीं नव्हे.

रात्रीं आलेला निकदेम पुढें न्यायसभेंत प्रभूच्या बाजूनें एक शब्द बोलला, आणि शेवटीं शिष्य पांगले असतां सुमारें १०० रत्तल सुगंधी द्रव्यें घेऊन त्याच्या उत्तरक्रियेस उघडपणें आला.

उपदेशकांनीं हा पाठ शिकवून झाल्यावर प्रत्येकास, व प्रथम स्वतःस, विचारावें : माझा भरंवसा वहींतील नांवावर आहे, कीं ख्रिस्तावर?