सातजण बसवा, मग सौद्याचं बोला

सात माणसांची गाडी बघायला एकट्याने जाऊ नका. जुनी अर्टिगा शोधताना मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटलं, आणि गाडीबाजारात नेमकं हेच कुणी सांगत नाही. एजंट तुम्हाला सपाट रस्त्यावर एक फेरी मारू देतो. रिकामी गाडी पळणारच.

पुण्यात एक गाडी पसंत पडली तेव्हा मी आई-बाबा, बायको, दोन्ही मुलं आणि मेहुण्याला सोबत नेलं. सगळ्यांना बसवून, एसी लावून गाडी जुन्या कात्रज घाटात घातली. चढावर इंजिनाचा आवाज वाढत होता, पण गाडी ओढत नव्हती. क्लच प्लेट संपत आली होती. खड्ड्यात मागून खडखड ऐकू येत होती. तिसऱ्या रांगेत धाकट्याचा पट्टा अडकतच नव्हता. माझ्या दृष्टीने तिथेच ती गाडी बाद व्हायला हवी. मागे शेवटी मुलंच बसणार असतात.

मीटर ४८ हजार किलोमीटर दाखवत होतं. एवढ्यात क्लच जातो कसा, म्हणून मी मूळ मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नोंदी काढायला लावल्या. दोन वर्षांपूर्वीचीच नोंद लाखाच्या पुढची निघाली. ‘एकच मालक, घरगुती वापर’ यातलं पहिलं खरं होतं. गाडी कर्मचाऱ्यांची ने-आण करायला लावलेली होती. पांढरी पाटी आहे म्हणजे गाडी घरातच वापरली, असं धरून चालू नका. सात आसनी गाड्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. पेडलचं रबर आणि मधल्या रांगेची सरकपट्टी किती झिजली आहे ते बघा.

पट्टे शेवटपर्यंत ओढून पाहा. टोकाशी वाळलेला गाळ दिसला तर गाडी पुरात होती. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली होतं, हे विसरू नका.

सामानाचाही विचार करा. २०१२ च्या पहिल्या अर्टिगात सातजण बसल्यावर मागे १३५ लिटर जागा उरते, नोव्हेंबर २०१८ नंतरच्या गाडीत २०९. सीएनजी असेल तर टाकी तिथेच बसते. गणपतीला कोकणात जायचं तर बॅगा टपावर जातील. टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख तपासा आणि आरसी बुकात सीएनजीची नोंद आहे ना तेही पाहा.

कागदांत मी सर्वांत आधी कर्जाचा बोजा बघतो. कर्ज फिटलं असलं तरी बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ देऊन तो उतरवावा लागतो. मग मालकाच्या सहीचे फॉर्म २९ आणि ३०. विमा १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाची नो क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, त्यामुळे तेवढा हप्ता वाढेल. एजंट ‘नाव महिनाभरात चढेल’ म्हणाला तर व्यवहारातली एक ठोस रक्कम हातात ठेवा आणि तसं करारात लिहून घ्या. वाहन पोर्टलवर तुमचं नाव दिसलं की त्याच दिवशी ती देऊन टाका.